अकरा वेळा बाद

खटावकर पंच वारले तेव्हा ते ओट्यावर बसून चहात बिस्कीट बुडवत होते. बातमी त्यांना मोबाइलवरच कळली : ‘रंगनाथ खटावकर यांचा शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाने मृत्यू.’ तेवढ्यात बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं, आणि पंचांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

“कोणाचा मेसेज?” आतून इंदूताईंनी विचारलं.

“मी गेलो.”

“परत?”

परतच. पंचांच्या हृदयाची एक झडप आखडली होती आणि कराडच्या इस्पितळात ती बदलायची होती. आता असल्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर माणसाचा ‘प्रतिदेह’ तयार करत. छातीची चित्रं, रक्ताचे नमुने, नाडीची लय, सगळं यंत्राला द्यायचं. यंत्र त्यातून हुबेहूब तसाच वागणारा एक देह पडद्यावर उभा करी. मग आधी त्याची छाती उघडायची. जे जे बिघडू शकतं ते त्याच्यावर बिघडू द्यायचं, म्हणजे खऱ्या माणसाच्या वेळी ते टाळता येतं. पंचांचा प्रतिदेह आतापर्यंत दहा वेळा गेला होता. ही अकरावी खेप.

फरक इतकाच, की या वेळी इस्पितळाच्या नव्या यंत्रणेने ‘प्रतिदेह’ हा शब्द गाळला आणि निरोप जवळच्या नातेवाइकांच्या नंबरवर पाठवला. त्या रकान्यात पंचांनी कबड्डी मंडळाचा ग्रुप दिला होता. मंडळाहून जवळचं त्यांना कोणी सुचलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या टोप्या दिसू लागल्या तसे पंच ओशाळून आतल्या खोलीत शिरले. मंडळाचे चिटणीस बंडगर सगळ्यात पुढे होते, हातात हार.

“अहो, ते आत आहेत,” इंदूताई म्हणाल्या.

“खरंय वहिनी,” बंडगर डोळे पुसत म्हणाले. “असा माणूस कुठं जात नसतो.”

इंदूताईंनी जीव तोडून सांगितलं. प्रत्येकाने समजूतदारपणे मान हलवली आणि सतरंजीवर जागा धरली.

आत फोन वाजला. पडद्यावर डॉक्टर वैदेही घोरपडे होत्या.

“काका, निरोपाबद्दल माफ करा.”

“असू दे. गर्दी चांगली जमलीय.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “झडप दर वेळी नीट बसते. पण नंतर रक्त थांबतच नाही. बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणारे ते बारीक कण, एकमेकांना चिकटायला तयार नाहीत. तुम्ही खरंच काही घेत नाही? गोळी, काढा, चूर्ण?”

“काही नाही. फक्त व्यायाम.”

रोज सकाळी मैदानावर दुखऱ्या गुडघ्यांची अख्खी रांग पंचांकडे बघून उठाबशा काढी. औषधाविना गुडघा बरा केलेला माणूस अशी त्यांची ख्याती होती. इंदूताईसुद्धा त्या रांगेत असत.

“मग हा दोष जन्मजात धरावा लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “अशा रक्तावर मी छाती उघडणार नाही. आणि झडप बदलली नाही, तर ती वर्षभरसुद्धा साथ देईल असं वाटत नाही.”

तेवढ्यात ओट्यावर हंबरडा फुटला. शौकत मुल्ला आला होता, पंचांचा शाळेपासूनचा दोस्त.

“वहिनी, रंगा गेला. आता या पुड्यांचं मी काय करू?”

“कसल्या पुड्या?”

“गुडघ्याच्या. दर बाजाराला त्या तंबूतल्या जडीबुटीवाल्याकडनं आणून देत होतो. पांढरी पूड, दिवसाला दोन. घेतली की हरणागत पळायचा.”

“काका,” फोनमधून डॉक्टरांनी विचारलं, “कोण बोलतंय?”

“टीव्ही आहे.”

“टीव्हीवर तुमच्या गुडघ्याबद्दल बोलतायत.”

पंचांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं : कोणाचा पाय रेषेबाहेर गेला ते बघायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं. गावच्या आमदाराच्या पोरालाही त्यांनी एकदा अंतिम सामन्यात बाहेर काढलं होतं. ते फोन घेऊन ओट्यावर आले. त्यांना बघून शौकतभाई मटकन खाली बसला. बंडगरांनी घाईने हार पाठीमागे लपवला.

पंचांनी हात वर केला, मैदानात करत तसा.

“इंदू, पाय रेषेबाहेर होता माझा. मीच बाद.”

इंदूताईंनी शौकतभाईच्या हातातली पिशवी घेतली आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली.

“याच पुड्या, डॉक्टर. पुढं बोला.”

तपासणीत पुडीमध्ये वेदनाशामकांची खिचडी निघाली. ती बंद झाली आणि आठवडाभरात बिंबिका ताळ्यावर आल्या. डॉक्टरांनी प्रतिदेह नव्याने घडवला. या खेपेला त्यात पंचांचा गुडघा घातला आणि लपवाछपवीचा स्वभावही. हा बारावा गडी मात्र जिवंत उठला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हृदयाची लय बिघडली, म्हणून खऱ्या पंचांना लय सांभाळणारं औषध आधीच सुरू झालं. त्याच्या छातीतली नळी गुठळीने तुंबली, तेव्हा पंचांची नळी परिचारिका डोळ्यांत तेल घालून बघत बसली.

पंचांची झडप बसली. रक्त थांबलं.

शुद्धीवर आल्यावर मात्र दुखतं म्हणून ते खोल श्वासच घेईनात, आणि तसं केलं तर फुप्फुसात कफ साठून न्यूमोनिया होतो. परिचारिकेने तीन गोट्यांचं ते श्वासाचं खेळणं पुढे केलं.

“दम कोंडायला नाही लागत, आजोबा. नुसता ओढायचा.”

“मला दम शिकवतेस?” पंच म्हणाले. त्यांनी उशी छातीशी धरली, श्वास ओढला, आणि तिन्ही गोट्या वर जाऊन टेकल्या. मग तो दम संपेपर्यंत त्यांनी ‘कबड्डी, कबड्डी’ घुमवलं. शेजारच्या खाटांनीही सूर धरला. चौथ्या दिवशी पंच वॉर्डात चालले तेव्हा दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत होत्या आणि बंडगरांनी तोच हार, फुलं बदलून, त्यांच्या गळ्यात घातला.

घरी जायच्या दिवशी डॉक्टर पडदा घेऊन आल्या.

“तुमचा प्रतिदेह अजून चालूच आहे, काका. तो तुमच्या महिनाभर पुढं आहे. हा बघा, मैदानावर शिट्टी फुंकतोय.”

पंच बराच वेळ बघत राहिले. गडी ताठ उभा होता.

“एकच गोष्ट कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तिसऱ्या आठवड्यात त्याचं रक्त अचानक फार पातळ झालंय. झडपेसाठी मी दिलेल्या गोळीने होतं त्याहून कितीतरी जास्त.”

इंदूताईंनी सावकाश मान वळवली. दाराशी शौकतभाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता.

“वहिनी, आईशप्पथ, त्या गड्याला मी ओळखतसुद्धा नाही.”

पंचांनी पडद्यावरच्या स्वतःकडे रोखून बघितलं. रेषेवर पाय बघावा तसं.

“मग त्याला पुड्या आणून देतं कोण?”