डबा रिकामा परत देऊ नये

मी बेलापूरला सरकारी कचेरीत नोंदणी कारकून आहे. वस्तू दिसली की तिची नोंद करायची, हा माझा धंदा आणि हाच माझा रोग. वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत एक अख्खं कपाट लढाईतल्या वस्तूंचं होतं: पदकं, टोप्या, बिल्ले. त्यातली निम्मी मी सैनिकांच्या विधवांकडून गोड बोलून काढलेली. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याचं कार्ड. कोणाची, कुठली, कशी मिळाली. बायको, नंदिनी, म्हणायची, "घरात जिवंत माणसं आहेत. त्यांचंही एखादं कार्ड करा."

जिवंत माणसं म्हणजे ती आणि माझी आई, मालतीबाई. वडील गेल्यावर आई गुहागरचं घर बंद करून आमच्याकडे आली होती. वाशी तिला मानवली नाही. दिवसभर ती ओट्याशी काहीतरी करत असायची आणि माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. मी हूं हूं करायचो.

१९८३च्या उन्हाळ्यात मागच्या बैठ्या घरात क्राउझे राहायला आले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मशीनं बसवायला आलेला जर्मन माणूस, काम संपलं तरी इथेच राहिला. पोरवयात ते हिटलरच्या युवक संघटनेत होते, आणि तेव्हाच्या आपल्या वस्तू त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. मी विकत मागितल्या.

"बेचने का नहीं," एवढंच म्हणाले.

त्यांच्याकडे जवळच्या शिरवणे गावची गोजरा कामाला होती. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये, ही रीत तिनेच त्यांना शिकवली. श्रावणात आईने त्यांना अळूवड्या पाठवल्या, तर डब्यातून परत आला काळा गळपट्टा, चामड्याच्या गाठीसकट. आंधळा मागतो एक डोळा! मग मी आईला काही ना काही करायला लावू लागलो. घावनांच्या बदल्यात दंडावरची फीत आली, तांदळाच्या तळलेल्या गोड बोरांवर पट्ट्याचं बक्कल.

गळपट्टा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत मला ओल्या लोकरीचा वास आला. थंडीत रांगेने उभी राहून गाणारी पोरं दिसली. वाचनाचा परिणाम, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आई म्हणाली, "परसात अळूखाली साप बघून कसा ओरडला होतास रे!" मला साप आठवेना. परसही आठवेना.

दिवाळीनंतर बोरांचा डबा परत आणायला गेलो, तेव्हा क्राउझे पायरीवर शेंगा सोलत बसले होते. चेहरा तजेलदार. ते चक्क मराठीत, आमच्या गुहागरच्या हेलात म्हणाले, "आईच्या मनगटावरचा डाग थंडीत दुखतो काय हो अजून?"

मी त्यांना आईबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मनगट पाहिलं. भाजल्याचा जुना डाग होता.

"उकळतं दूध तुझ्या अंगावर सांडत होतं, मी हात मध्ये घातला," आई म्हणाली. "विसरलास?"

"नाही," मी खोटं बोललो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण काय येतंय आणि काय जातंय ते न कळण्याइतका मी मूर्खही नव्हतो. डबे बंद केले. पेटीत एकच वस्तू उरली होती: संघटनेची पुस्तिका, फोटो आणि शिक्क्यांची. ती मी एकदा डब्याशिवाय, नुसती तोंडाने मागून पाहिली.

"तेवढं मागू नका," क्राउझे म्हणाले. "त्यात आहे ते मी केलेलं आहे. माझ्याकडेच राहू दे."

फाटकात गोजराने अडवलं. "दादा, आता डबा आनू नका. सायेब झोपेत तुमच्या आईला हाक मारतान. मना भ्या वाटतं."

पण संच अपुरा होता. लाज वाटते लिहायला, पण दुसरं कारण नव्हतं. मे महिन्यात मी आईला फणसाची सांदणं करायला सांगितली. "तुला आवडतात म्हणून चार जास्त घातली," ती म्हणाली. ती चारही मी डब्यात भरली.

तासाभरात डबा परत आला. रिकामा द्यायचा नाही, आणि पेटीत दुसरं काही उरलं नव्हतं; आत पुस्तिका होती. पंधरा वर्षांच्या पोराचा फोटो. मी कार्ड लिहिलं आणि पाणी प्यायला आत गेलो.

ओट्याशी एक म्हातारी उभी होती.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

तिच्या हातातलं भांडं पडलं.

वरचं बरंचसं मी कार्डांवरून आणि नंदिनीच्या सांगण्यावरून लिहिलं आहे. डॉक्टर झाले, फोटो दाखवून झाले. त्या माझ्या आई आहेत हे मला मान्य आहे. रेशनकार्डावर तसं नावच आहे. आत मात्र काही हलत नाही. मला आठवतं ते धान्याचं एक कोठार. मित्र आत गवतात लपलेला, त्याला लढायचं नव्हतं, घरी जायचं होतं. शिपायांनी विचारलं, आणि मी बोट दाखवलं. हे मी केलेलं नाही. पण बोट माझंच दिसतं.

ज्याने केलं तो मोकळा झाला. क्राउझे रोज दुपारी येऊन मालतीबाईंजवळ बसू लागले. साप, दूध, परस, सगळं त्यांना पाठ. "यांना तरी आठवतं," त्या नंदिनीला म्हणाल्या. मला राग आला, पण कशाचा, ते सांगता येईना.

पावसाआधी मालतीबाईंनी गुहागरचं घर उघडायचं ठरवलं. सोबतीला क्राउझे. पनवेलच्या स्टँडवर मी ट्रंक चढवून दिली. क्राउझेंनी त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली. त्या माझा हात सोडेनात. हुंदके देत होत्या, सगळा स्टँड बघत होता. मला वाईट वाटायला हवं होतं, एवढं समजत होतं.

कोणाच्या तरी आईला असं रडताना मी आधी एकदा पाहिलं आहे, त्या कोठाराच्या दारात. तिनेही माझा हात धरला होता. आधी एक बोट सोडवायचं, मग दुसरं. सवय होती, चटकन जमलं.