जड तेच अस्सल!

"फट्!"

आवाज तसा फार मोठा नव्हता. पण मागोमाग खोलीत असा जळका वास सुटला की मावशी हातातली पळी तशीच घेऊन धावत आली. टेबलावरचा नवाकोरा कॉम्प्युटर जेमतेम तासभर चालला होता. आता तो ढिम्म गप्प!

"संपलं!" फुगा किंचाळला. "सगळं संपलं! आणि हे सगळं हिच्यामुळे!"

'ही' म्हणजे त्याची मावसबहीण. जाड भिंगाच्या चष्म्यामुळे तिला सगळे ढापणी म्हणत. सुटीसाठी ती मावशीकडे राहायला आली होती. फुगा हा मावशीचा मुलगा. जरा मनाविरुद्ध झालं की गाल फुगलेच म्हणून समजा! आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी होती ती त्याची धाकटी बहीण मिरची. तिला मिरची का म्हणत हे विचारायची वेळ कुणावर आली नाही, तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळायचं.

गेम खेळायला तिघांत मिळून एक कॉम्प्युटर घ्यायचा, हे गेल्या सुटीतच ठरलं होतं. वर्षभर तिघांनी खेळणी घेतली नाहीत, सिनेमे पाहिले नाहीत. तरी जमलेल्या पैशांची गत अशी, की डोकं झाकावं तर पाय उघडे! मग काय, भांडणं! फुगाला रंगीत दिव्यांची, काचेची कॅबिनेट हवी होती.

"दिव्यांनी गेम पळतो का रे?" ढापणीने त्याला फटकारलं होतं. "अर्धे पैसे ग्राफिक्स कार्डालाच जाणार. उरलेल्यात पॉवर सप्लाय चांगला घेऊ. सगळ्यांना वीज तोच पुरवतो. तो गेला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो!"

आठवडाभर कडाकडा भांडून ती जिंकली. कॅबिनेट आली साधी पत्र्याची आणि पॉवर सप्लाय आला दुकानातला सगळ्यात जड. जोडणीही तिनेच केली, एकेक वायर तपासून.

आणि जळालं काय? तोच पॉवर सप्लाय!

दुपारी काका तिघांना घेऊन दुकानात गेले. काका म्हणजे फुगाचे बाबा. दुकान त्यांनीच सुचवलं होतं. "माझा माणूस आहे, डोळे मिटून घ्या," असं म्हणाले होते आणि स्वतः खरोखरच डोळे मिटून बसले होते.

दुकानदाराने कॅबिनेटमध्ये नाक घातलं, वास घेतला आणि मान वर केली.

"जोडणी कुणी केली?"

"मी," ढापणी म्हणाली.

"झालं तर मग! वायरी उलट्या लावल्यात. मदरबोर्डसुद्धा गेला. घरी जोडला की गॅरंटी नाही, साहेब. हा काय पोरखेळ आहे?"

"वायरी उलट्या बसतच नाहीत! प्लगला खाच असते!"

"आता तू मला शिकवणार?" दुकानदार हसला. दुकानातली गिऱ्हाइकंही हसली.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "गप्प बस! दीडशहाणी कुठली! माझ्या पोरांचे पैसे जाळलेस आणि वर तोंड करून बोलतेस? संध्याकाळच्या गाडीने घरी जायचं. कळलं?"

भर दुकानात! दहा माणसांसमोर! ढापणीने ओठ घट्ट दाबून धरले. ती रडली नाही. तिच्या आईबाबांना आता काय सांगितलं जाणार हे तिला लख्ख दिसत होतं, पोरीने नासधूस केली, परत पाठवली. पुढच्या सुटीत तिला इथे कोण बोलावणार होतं?

घरी येऊन ती मुकाट्याने बॅग भरायला लागली. फुगा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. ढापणीने कॅबिनेटमधून जळालेला पॉवर सप्लाय काढून हातात घेतला मात्र, फुगा गर्रकन फिरलाच.

"ठेव तो! अजून काय मोडायचं राहिलंय?" असं म्हणत त्याने तो हिसकावून घेतला.

खडक्!

"हे काय वाजलं?" मिरची म्हणाली.

"हिने आतलं काहीतरी तोडलंय, दुसरं काय!"

"मी हातात घेतला तेव्हा वाजला नाही. तू हिसडलास तेव्हा वाजला. पुन्हा हलव!"

फुगाने रागारागाने हलवला. पुन्हा खडक्! आणि पंख्याच्या जाळीतून पांढऱ्या चादरीवर राखाडी भुगा सांडला. मिरचीने तो चिमटीत घेऊन चोळला.

"सिमेंट!"

"तुला काय कळतंय सिमेंटमधलं?"

"शाळेची भिंत रोज खरवडते मी, मला नाही कळणार?"

"रोज?" ढापणीने विचारलं.

"गणिताच्या तासाला."

फुगाने टॉर्च आणला. जाळीतून उजेड आत गेला आणि तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. आत, पंख्याच्या पात्यांमागे, एक राखाडी ठोकळा आडवा पडला होता. त्याच्या एका अंगाला वितळलेला पिवळा गोंद होता.

ढापणीने कपाळावर हात मारून घेतला. "चांगल्या पॉवर सप्लायमध्ये तांब्याची जाडजूड वेटोळी असतात, म्हणून तो जड असतो. याने तांबं वाचवलं आणि वजनाला सिमेंट चिकटवलं! तापल्यावर गोंद सुटला, ठोकळा आतल्या भागांवर पडला आणि फट्! 'तोलून बघा, जड तेच अस्सल,' असं म्हणाला होता ना तो दुकानदार? आणि मी तोलला! हातात घेऊन तोलला आणि खूश झाले! गाढव आहे मी!"

"ते आम्हाला आधीपासून ठाऊक होतं," फुगा म्हणाला. पण त्याचे गाल उतरले होते. "चल, उघडू या."

"अजिबात नाही! स्क्रूवर चिकटवलेलं कागदी सील तसंच राहू दे. सील तुटलं तर तो म्हणेल, तुम्हीच आत टाकलंत."

काका पलीकडच्या खोलीत घोरत होते. तिघं चपला हातात घेऊन बाहेर पडले आणि कोपऱ्यावर पोहोचताच सुसाट पळाले. दुकानात फक्त ढापणीनेच बोलायचं, असं वाटेतच ठरलं.

दुकानात दुकानदार एका बाईंच्या हातात खोका देत होता. बाई व्हिडिओ बनवण्याचं काम करायच्या. "तोलून बघा ना! जड तेच अस्सल! डोळे झाकून न्यावा असा माल!"

"त्याच्या आत सिमेंट आहे!" मिरची दारातूनच ओरडली. आता हिला काय म्हणावं! ठरलेलं सगळं धाब्यावर बसवून मोकळी!

दुकानदाराच्या कपाळावर आठ्या चढल्या. "पुन्हा आलात? बघू, काय आणलंय." ढापणीने सप्लाय पुढे केला, पण सोडला नाही. त्याने तो खसकन ओढला, बाईंकडे पाठ केली आणि अंगठ्याच्या नखाने सील टर्रकन फाडलं.

"बघा, बघा! सील कुठंय? पोरांनी उघडून आत दगडमाती भरली आणि माझ्यावर आळ घेतात! चोर ते चोर, वर शिरजोर!"

"तुम्ही फाडलंत! आत्ता! आमच्यासमोर!" फुगा ओरडला.

"आईबापांनी काही शिकवलंय की नाही? निघा, नाहीतर कान धरून बाहेर काढीन!"

पुरावा गेला होता! ढापणीने एकदा दुकानदाराकडे बघितलं आणि मग बाईंकडे वळली.

"काकू, तुमचा तर नवा आहे. सीलसकट. त्याच्या जाळीतून फक्त टॉर्च मारा. आत काही नसेल तर मी याच्या पाया पडेन!"

"खोका इकडे द्या, बाई. पोरांच्या नादी काय लागता!" दुकानदाराने हात लांब केला.

"पैसे दिलेत मी," बाई म्हणाल्या. "हात मागे घ्या."

फुगाने टॉर्च धरला. बाईंनी एक डोळा मिटून आत बघितलं. मग दुसरा मिटून बघितलं. आणि मग असा काही आवाज लावला की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली.

"अहो, हा तर सिमेंटचा गोळा! मी काय घर बांधायला आलेय?"

दुकानदार चाचरला. "कंपनीने टाकला असेल. मला काय स्वप्न पडलं होतं? मीसुद्धा फसलोच की, बाई!"

"मग तुमच्या कॉम्प्युटरला दुसऱ्याच कंपनीचा का लावलाय?"

आवाज काउंटरखालून आला. दुकानदाराने दचकून खाली बघितलं. वायरींच्या गुंत्यात, धुळीने माखलेली मिरची त्याच्या स्वतःच्या मशीनच्या मागे डोकं घालून बसली होती. "हाच चांगला म्हणून आम्हाला विकलात ना? तो इथे का नाही? सगळ्यांना जड विकता आणि स्वतःला मात्र दुसरा?"

"बाहेर नीघ! कार्टे!"

"तिला हात लावू नका."

दारात काका उभे होते. डोळ्यांवर झोप, अंगात घरातलाच सदरा, धावून धावून घामाने भिजलेला. "जाग आली तर घरात पोरं नाहीत! फरफटत न्यायला आलो होतो मी. दाराशी पोहोचलो तेव्हा तुम्ही सील फाडत होता. या डोळ्यांनी बघितलं, म्हणून पुढचं सगळं ऐकत थांबलो."

दुकानदाराने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दारात आता चांगलीच गर्दी जमली होती. मग मात्र त्याने सप्लायचेच नव्हे, मदरबोर्डचेही पैसे मोजून परत केले. बाईंचे पैसेही दिले. मनात शिव्या देत असावा, कारण ओठ हलत होते.

"लाखात एक पोरं आहेत हो तुमची!" बाई काकांना म्हणाल्या. "माझं सगळं काम जळून गेलं असतं."

"शाब्बास रे पठ्ठ्यांनो!" काकांची छाती फुगली. त्यांनी ढापणीच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. ती एक पाऊल मागे सरली.

"शाब्बास नको, काका. दुपारी तुम्ही याच दुकानात, सगळ्यांसमोर, मला बोललात."

"अगं, घरी जाऊन बोलू की आपण."

"घरी नाही. इथेच."

काकांनी बाईंकडे बघून कसनुसं हसून घेतलं. पोरीची एवढी हिंमत, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट आलं होतं.

"बाबा, तिचं बरोबर आहे," फुगा म्हणाला. "मी पण बोललो तिला. चुकलो मी. आता तुम्ही म्हणा."

काकांनी घसा खाकरला. एकदा खाकरला, पुन्हा खाकरला. मग दारातल्या गर्दीकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "हिने काही जाळलं नव्हतं. ती दुपारीही खरंच सांगत होती. मी तिचं ऐकून न घेता, काहीही न बघता तिला नाही नाही ते बोललो. चूक माझी आहे. ही कुठेही जाणार नाही, सुटी संपेपर्यंत आमच्याकडेच राहणार आहे."

सकाळपासून एकदाही न रडलेली ढापणी तेव्हा मात्र भर दुकानात ढसाढसा रडली. चष्मा काढून पुसायचंही तिला सुचलं नाही.