टॉवेलवरचा तांबूस डाग

पोहण्याच्या तलावाचा रखवालदार वस्तीतली कोडी सोडवणाऱ्या चौकशीबाईंच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने, निवृत्त मास्तरांनी, पेपर तोंडासमोर धरला. या माणसाला कामावरून काढा, अशा अर्जावर पहिली सही मास्तरांचीच होती.

शेजारची, पोहण्याच्या शर्यतीची तयारी करणारी मुलगी तीन दिवस तापाने बेशुद्ध होती. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा आणि नाकातून मेंदू गाठणारा एक दुर्मीळ जंतू डॉक्टरांच्या मनात होता. पण थंडीचे दिवस, तलाव गार. म्हणून त्यावरचं औषध अडलं होतं. वस्तीने मात्र खापर रखवालदाराच्या डोक्यावर फोडून टाकलं होतं.

"पोरं पाच मिनिटांत दात वाजवत बाहेर येतात, बाई," तो म्हणाला. "ती तर महिनाभर फिरकलीच नाही. पण हजेरी कुणी लिहीत नाही. पुरावा काय देऊ?"

मुलीच्या आईने वेगळंच सांगितलं. मुलगी रोज दोन तास तलावात पोहायची आणि गिरणीतून सुटलेल्या वडिलांबरोबर घरी यायची.

"कुडकुडायची का हो?" बाईंनी विचारलं.

"छे. गाल लालबुंद असायचे."

दोरीवर तिचा पांढरा टॉवेल होता. त्यावरचा तांबूस डाग धुऊनही जात नाही, अशी आईची तक्रार होती. मास्तरांनी तलावाच्या घाणीचा पुरावा म्हणून तो मोठ्या उत्साहाने वहीत टिपला.

वडील गिरणीच्या बॉयलरवर कामाला होते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते रखवालदाराचा उद्धार करत तोंड पुसत होते. रुमालावर तसाच डाग होता.

बाईंनी डॉक्टरांना तिथेच बोलावून घेतलं.

"गार पाण्यात दोन तास काढून मुलगी कुडकुडत नाही, म्हणजे ते पाणी गार नव्हतंच," त्या वडिलांना म्हणाल्या. "आणि तलावाला फरशी आहे, तिथे गंज कुठला? हा डाग गंजक्या नळाच्या पाण्याचा. तुमच्या रुमालावरही आहे. बॉयलरचं पाणी निवायला सोडतात, त्या हौदात पोहायची ना ती?"

वडिलांनी रुमाल खिशात कोंबला.

"तिथे थंडी वाजत नव्हती तिला. सूर मारायलाही मीच शिकवलं. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

डॉक्टर औषधाकडे धावले.

मास्तरांना स्वतःची लाज वाटत होती. माफीची वाक्यं जुळवत ते तलावावर गेले. रखवालदाराने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"पोरगी शुद्धीवर आली का, मास्तर?"

तीन दिवसांत मास्तरांनी हे कुणालाही विचारलं नव्हतं.