छगनच्या नावाची मूठ

माझा नवरा जॅझ वाजवतो, हे मी सुरतेच्या लिंबायतमध्ये छाती पुढे काढून सांगत आले आहे. समोरची बाई विचारायची, "म्हणजे लग्नाच्या बँडात का?" मी म्हणायचे, "नाही हो बाई. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात. साहेब लोक जेवायचे, नाचायचे आणि आमचे मास्तर सॅक्सोफोन वाजवायचे." जॅझ म्हणजे काय ते तिला ठाऊक नसायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नाही. पण तो पितळी वाकडा बाजा मास्तरांनी तोंडाला लावला की गल्लीतल्या मागांची खटखट ऐकू येईनाशी व्हायची, एवढं मला कळत होतं.

सुरुवात लग्नाच्या बँडातच झाली होती, ते लपवू कशाला? मास्तर आणि छगन, दोघे भाऊ. धरणगावहून बापाबरोबर सुरतेला आले आणि खांद्याला खांदा लावून एकाच बँडात वाजवायचे. एका वरातीत गोव्याकडचे एक वादक पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मास्तरांना ऐकलं आणि सरळ मुंबईला उचलून नेलं. धाकटा छगन मागे राहिला. कारखान्यात माग चालवायचा, लग्नसराईत घोड्यामागे वाजवायचा. मास्तर सुट्टीला आले की त्यांच्याकडून जॅझच्या चाली कानानं उचलायचा आणि म्हणायचा, "दादा, मले भी मुंबईले लई चाल ना." मास्तर म्हणायचे, पुढच्या वर्षी नेतो. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. हॉटेलांतले बँड बंद पडले, मास्तरच परत आले. आणि छगन, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, एका दुपारी कारखान्यात डबा खायला बसला तो बसल्या जागी गेला.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. छगनला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या खान्देशी समाजाचा अध्यक्ष योगेंद्र घरी आला आणि म्हणाला, "मास्तर, यंदा कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी सकाळी तुमचा सत्कार. मोठा मांडव घालतोय. आणि तुम्ही वाजवायचं. लग्नातलं नको, तुमचं ते मुंबईचं."

मी तर हरखून गेले. माझा मुलगा वाल्मिक ताबडतोब चहा सांगायला धावला. मास्तर मात्र योगेंद्र गेल्यावर कॉटवर बसून राहिले.

"वाल्मिकनी माय," ते म्हणाले, "दम ऱ्हायना नही आते."

ते मला का ठाऊक नव्हतं? मी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात आया होते. कितीतरी छात्या ऐकल्या, पाहिल्या. मास्तरांचं एक फुप्फुस पार आटून गेलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून मला दाखवलं होतं. त्यांना जिना चढताना मध्ये उभं राहावं लागायचं. वाजवायला घेतलं तर चाल मध्येच तुटायची आणि मग नुसता फुसफुस वारा. घरात तुटली तर तुटली. पण सगळ्या समाजासमोर, शाल-नारळ घेताना तुटली तर? त्या माणसाला मी ओळखते. त्यानं पुन्हा कधी घराबाहेर तोंड काढलं नसतं. रोज देवीपुढे दिवा लावताना मी एकच मागत होते, माझ्या माणसाला त्या दिवसापुरता दम पुरू दे.

आता कानबाईचं सांगते. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड भाकरी करायच्या, आणि त्या रोटांचं धान्य मोजायची रीत वेगळी आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं मूठ टाकायची. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे. जिवंत असतील ते. घरातली मोठी सून म्हणून हे काम माझं.

शनिवारी मी परातीपुढे बसले. राघो, म्हणून मूठ टाकली. नवऱ्याचं नाव त्या एकाच दिवशी माझ्या तोंडून येतं. मग छगन, म्हणून मूठ टाकली. मग वाल्मिक. मग नातू. आणि मग सून योगिता माझ्या तोंडाकडे बघतेय हे माझ्या लक्षात आलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "काकांचं नाव घेतलंत तुम्ही."

अगं बाई! इतकी वर्षं एकामागोमाग एक तीच नावं घेतलेली, जीभ आपली घसरली. गेली तीन वर्षं मी सांभाळून होते, त्या वर्षी मन सत्कारात अडकलेलं. काढून घ्यावी म्हटलं तर कुठली मूठ कुणाची, कसं कळणार? आणि नाव घेऊन टाकलेलं धान्य परत काढत नाहीत. मी योगिताला म्हटलं, "गप्प बस. बोलू नकोस कुणाला. एक मूठ जास्त, दोन घास जास्त. एवढं काय?" आणि दळायला पाठवून दिलं. मी असल्या गोष्टींना भीत नाही. दवाखान्यात मेलेल्यांची तोंडं पुसलीत मी.

रविवारी सकाळी कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, हिरवं लुगडं. बायका गाणी म्हणत होत्या. मास्तरांनी सॅक्सोफोनची पेटी उघडली आणि मला हाक मारली. बाजाच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, ती ओली केल्याशिवाय आवाज निघत नाही. मास्तरांनी ती माझ्या बोटाला लावली. ओली होती. चांगली भिजलेली, आत्ताच कुणी तोंडातून काढल्यासारखी.

"तुम्हीच रात्री ठेवली असेल तशी," मी म्हटलं.

"चार दिवसांत हात लावला नाही मी," ते म्हणाले.

श्रावणातली हवा, भिंतीसुद्धा ओल्या असतात. पत्तीचं काय घेऊन बसलात, म्हणून मी उठले.

दुपारी रोट खायला सगळे पुरुष बसले. मास्तरांचं जेवण म्हणजे चिमणीचं, अर्ध्या भाकरीवर हात धुणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी आपला रोट खाल्ला. मग वाटीभर दूध ओतून दुसरा कुस्करला आणि खाली मान घालून तोही संपवला. वाल्मिक हसून म्हणाला, "अरे वा, बाबा, सत्काराची तयारी का?" मास्तर हसले नाहीत. ताटाकडे बघत राहिले, जणू कुणी दुसऱ्यानंच ते पुसून खाल्लं होतं. मला मात्र बरं वाटलं. म्हटलं, पोटात पडलं की अंगात ताकद येईल.

सोमवारी सकाळी मांडव गच्च भरला होता. लिंबायत तर होतंच, पर्वत पाटिया, सचिन अशा सुरतेच्या दुसऱ्या वस्त्यांतून टेम्पो भरून माणसं आली होती. कारखान्यांचे गुजराती शेठसुद्धा पुढच्या खुर्च्यांवर. मी पहिल्या रांगेत, नवं पातळ, कपाळभर कुंकू. माझ्या नवऱ्याचं चित्र काढलेला एवढा मोठा बोर्ड. खाली लिहिलेलं, आपल्या सुरतेचे सुपुत्र. सांगते तुम्हाला, माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी ताठ बसले नव्हते.

योगेंद्रनं शाल घातली, पगडी घातली. टाळ्या झाल्या. मास्तर उभे राहिले, बाजा गळ्यात. साथीला ड्रमवर सुपडू बसला होता, उभा जन्म लग्नाच्या बँडात काढलेला, दोघा भावांना साथ केलेला माणूस. मास्तरांचे ओठ निळे पडले होते. मी पदर मुठीत धरला.

पहिली चाल अर्ध्यावर आली आणि दम तुटला. तुटलाच. मला दिसलं. खांदे वर गेले, तोंड उघडलं.

सूर मात्र तुटला नाही.

तो तसाच पुढे गेला. भरलेला, तुपासारखा. लोकांना काही कळलं नाही, लोक माना डोलावत होते. काही वादक वाजवता वाजवता नाकानं श्वास ओढतात, असं मास्तरांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्यांना स्वतःला ते जन्मात कधी जमलं नव्हतं. आज जमलं असेल, मी मनाला समजावलं. देवीनं ऐकलं.

चाल लांबत गेली. मी सवयीनं त्यांच्या छातीकडे बघू लागले. दवाखान्यात असंच बघतात. छाती फुलते आहे, बसते आहे. शालीखाली स्पष्ट दिसत होतं.

छाती फुलत होती तेव्हाही सूर बाहेर येत होता.

बसत होती तेव्हाही.

जणू छातीचा आणि सुराचा काही संबंधच नव्हता.

मग चालीचा शेवट आला. मास्तरांचा शेवट मला पाठ आहे. कात्रीनं कापल्यासारखा, स्वच्छ. एवढ्याचसाठी मुंबईत नाव होतं त्यांचं. आणि इथे तो शेवटचा सूर खाली ओघळला. सावकाश, लाडात, घोड्यामागे चालताना कुणी मुद्दाम पाय ओढावेत तसा. तसा सूर ओघळवत नेणारा एकच माणूस मी ऐकला होता.

ड्रम थांबला. सुपडूच्या काठ्या हातात तशाच. त्यानं स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं.

"हाई कोन वाजाडी ऱ्हायनं?" तो म्हणाला. आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण ओठ मी वाचले.

मांडव कोसळेल अशा टाळ्या पडल्या. लोक खुर्च्यांवर चढले. एक शेठ डोळे पुसत म्हणाला, "राघोभाई, गजब करी नाख्युं!" बायका मला मिठ्या मारत होत्या. आणि मी रडत होते, अभिमानानं रडत होते, हे कुणी मला खोटं म्हणू नये. सगळी लिंबायत माझ्या माणसाच्या नावानं ओरडत होती. म्हटलं, भाऊ भावाच्या मदतीला आला असेल तर येऊ दे. एका मुठीत एवढं होत असेल तर माझी चूक देवीनंच करवून घेतली.

मिरवणूक तापीकडे निघाली. मास्तरांसाठी फुलांनी सजवलेली उघडी जीप होती. ते तिच्याजवळ गेले, तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मागे फिरले. बँडवाल्यांच्या शेवटच्या रांगेत डाव्या कडेला जाऊन उभे राहिले आणि थेट नदीपर्यंत वाजवत चालत गेले. तो दमेकरी म्हातारा! योगेंद्र माइकवर म्हणाला, "बघा, केवढा मोठा माणूस आणि किती नम्र!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेतली डावी कड कुणाची जागा होती, ते सुपडूला आणि मला ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

नदीत बुडवून कानबाईचा नारळ रीतीप्रमाणे परत आणला. दुपारी घर शांत झालं. वाल्मिक आणि योगिता भांडी परत द्यायला गेले होते. मास्तर कॉटवर निजले होते, पगडी उशाशी. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. घरघर नाही, शिट्टी नाही. जवान माणसासारखा खोल, मोकळा श्वास चालला होता. त्या छातीचा फोटो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मला भरून आलं. मी वाकून म्हटलं, "आज नाव काढलंत हो. सगळी सुरत ऐकत होती."

त्यांनी डोळे उघडले. माझा हात छातीवर बघून ते दचकले, लाजल्यासारखे अंग चोरून उठून बसले. पाय खाली घेतले. मग भरल्या डोळ्यांनी मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले, "दादा कोठे शे? त्यानी आयकं ना?"