अकरा ओळींनंतर

२८ मे २०२४, मंगळवार. आकाश कोरडं, दुपारभर लू वाहत होती.

चारच्या सुमाराला तांडापेठेतल्या घरात हेमराजने कूलर बंद केला. त्याच्या घरघरीत कॉम्प्युटरला बोलणं नीट ऐकू येत नसे. वाडीच्या गोदामात पेटी पडून हेमराजच्या उजव्या हाताची बोटं आणि डाव्या पायाची करंगळी गेली, तेव्हापासून तो टायपिंग करत नव्हता. माईकसमोर बोलायचा आणि अक्षरं पडद्यावर उमटायची.

"माह्याशी दोन शब्द बोलत नाही, अन् या डब्याशी दुपारभर बोलून राहिले," बायको भारती दारातून म्हणाली.

"तो मधात बोलत नाही ना वं."

ती हसून शेजारी गेली.

विणकरांची एक संस्था साड्यांच्या जुन्या किनारींच्या विणीची नोंद करत होती. आज पाचपर्यंत शेवटची मुदत. हेमराजचे वडील ताराचंद यांची किनार चौदा ओळींची. पूर्ण दिली तरच त्यांच्या नावानं लागणार होती. ताराचंदांनी ती कधी कागदावर उतरवली नाही. हातमागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पोराला पुढ्यात घ्यायचं, त्याचे पाय आपल्या पायांवर ठेवून मागाच्या पायपट्ट्या, पावड्या, दाबायच्या आणि किती धागे उचलायचे, किती सोडायचे ती ओळ म्हणायची. त्यांच्या घरी किनार अशीच पुढे जायची. अकरा ओळी झाल्या आणि हेमराज शाळेचं निमित्त करून खड्ड्यातून उठला, तो पुन्हा बसला नाही. मागच्या वर्षी बाप गेल्यावर त्यानं खड्ड्यात मुरूम भरला, फरशी बसवली. कॉम्प्युटरचं टेबल आता तिथंच होतं.

"तीन उचल, दोन सोड, एक उचल..." अकरा ओळी उमटल्या. हेमराज थांबला. माठातून झिरपणारं पाणी थेंबथेंब वाजत होतं. कुठून तरी सुताच्या खळीचा आंबूस वास आला.

पडद्यावर अक्षरं सरकली. 'बारावी. एक उचल, चार सोड.'

हेमराजचं तोंड बंद होतं. त्यानं त्यावर हातही दाबून धरला. तेरावी ओळ आली. मग, 'चौदावी पाय ठेवल्यावर.'

"बाबा..."

हा शब्द पडद्यावर उमटला नाही.

घड्याळात पावणेपाच झाले होते. हेमराजनं चपला काढल्या आणि पाय टेबलाखाली सरकवले. तळव्यांना फरशी लागली नाही. लागलं ते गाठाळ होतं, ऊनऊन, आणि तळव्यांखाली हळूच खाली दबलं.

चौदावी ओळ आली.

चार वाजून बावन्न मिनिटांनी नोंद गेली. ओळी चौदा, नाव ताराचंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मिस्त्री बोलावला. "सांधे पक्के आहेत गा. काहून काढून राहिले?" मिस्त्रीनं विचारलं आणि टेबलाखालची फरशी उचलली.

मुरमात दोन रुंद पावलांचे ठसे होते. त्यांच्यावर दुसरे दोन. वरच्या डाव्या ठशाला करंगळी नव्हती.