हालु बावीतली अडतिसावी प्रजाती

बसवेशनं दगड टाकला आणि आवाजच आला नाही.

तिघांनी कान टवकारले. विहिरीत दगड टाकला की पाणी असलं तर डुबुक होतं, कोरडी असली तर खट्ट होतं, हे ईट गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. इथं दोन्ही नाही. मग, मनात पाच मोजून व्हावेत एवढ्या वेळानं, झोपेत कुणीतरी कूस बदलावी तसा खालून आवाज आला. भुस्स.

अक्षरा दोन पावलं मागं सरली.

"चला इथून," ती म्हणाली.

"थांब की," बसवेश म्हणाला, "अजून एक टाकतो."

अक्षरा बारा वर्षांची, तुळजापूरच्या पुजाऱ्याची लेक, आणि भित्री. ते लपवण्यात अर्थ नव्हता, कारण तिची मैत्रीण शिवलीला हिनं साऱ्या वर्गात तशी दवंडीच पिटली होती. शिवलीला तुळजापुरात मावशीकडं राहून शिकायची. मेच्या सुट्टीत हट्टानं तिनं अक्षराला आपल्या गावी, भूम तालुक्यातल्या ईटला आणलं होतं. बसवेश हा शिवलीलाचा थोरला भाऊ, चौदा वर्षांचा, आणि स्वतःच्या मते विश्वातल्या यच्चयावत जीवांचा जाणकार.

हे जाणकारपण मोबाइलवरच्या एका खेळातून आलं होतं. खेळाचं नाव 'तारापार'. यान घेऊन ग्रहाग्रहांवर उतरायचं आणि भेटेल तो जीव ओळखायचा. नुसती बंदूक चालवून भागत नसे. तो खातो काय, ऐकतो कशानं, भितो कशाला, हे शोधलं तरच पुढचं दार उघडायचं. अशा सदतीस प्रजाती तिघांनी वहीत उतरवल्या होत्या आणि त्यांची बारशीही स्वतःच केली होती. धोंड्यासारखे पडून राहणारे आणि धोंडेच खाणारे 'खडके'. हजार अंगं पण डोकं एकच असलेलं 'मोहोळ'. श्वासातून आत शिरून आतून उगवणाऱ्या 'भुऱ्या'. दोन पायांच्या, माणसासारख्या परग्रहवाल्यांवर मात्र बसवेशचा भारी राग. माणसाच्या कपाळाला दोन शिंगं डकवायची आणि म्हणायचं हा दुसऱ्या ताऱ्यावरचा. हा बनवणाऱ्यांचा शुद्ध आळस आहे, असं तो म्हणायचा. त्याचं खरंच होतं.

सदतिसावा जीव मात्र अक्षरानं वहीत लिहिला तो डोळे अर्धे मिटून. 'बिनअंग्या'. त्याला अंगच नाही. दात नाहीत, नखं नाहीत, सावली नाही. तो आला हे कळतं ते फक्त आजूबाजूला काय मरून पडलंय त्यावरून.

या खेळात चौथा गडी होता बलभीमकाका. शिवलीलाच्या वडिलांच्या, म्हणजे शरणप्पांच्या शेतावर तो कामाला होता. दुपारच्या भाकरीनंतर तो एक डाव मागायचा आणि दर वेळी खडक्याच्या तोंडी जायचा. "ह्यो धोंडा हाय का जनावर, आधी सांगायचं न्हाय व्हय रे?" असं म्हणून मोबाइल परत द्यायचा. पहिल्या दिवशी स्टँडवरून घरी येताना वाटेत कुत्री होती. अक्षरा थिजली, तेव्हा शिवलीला खो खो हसली. बलभीमकाका हसला नाही. तो अक्षराच्या डाव्या अंगाला, कुत्र्यांच्या बाजूला आला आणि घरापर्यंत त्याच अंगानं चालला.

आज ते विहिरीवर आले ते शेजारच्या नागम्मा आजीमुळं. आजीचं माहेर कर्नाटकात, आळंदकडचं. वय नव्वदीचं, तोंडात एक दात नाही, आणि म्हातारपणी मराठी गळून पडून कानडीच तेवढी उरलेली. पोरं पडक्या मळ्याकडं निघालेली पाहून ती काठी आपटत ओरडली होती, "हालु बावी! होगब्याड!"

शिवलीलाला आजीच्या संगतीनं थोडी कानडी येत होती. होगब्याड म्हणजे जाऊ नका. बावी म्हणजे विहीर. आणि हालु म्हणजे दूध.

दुधाची विहीर. एवढं ऐकल्यावर कोण थांबतंय?

बसवेश आता काठावर पालथा पडून आत वाकला. त्याच्या मागून अक्षरानं धीर करून डोकावलं. आतल्या कपारीत पारव्यांचं घरटं होतं. दोन पारवे त्यात बसलेले होते, माना टाकून. त्यांच्या खालच्या दगडावर तीन चिमण्या, पाय वर करून. त्याच्याही खाली, जिथं पाणी असायला हवं तिथं, पांढरं, जाड, सुरकुतलेलं कातडं पसरलं होतं. ते हलत होतं. एक फोड हळूहळू फुगली, टोपलीएवढी झाली आणि फुटली. भुस्स. आंबट, कुजकट वाफ वर आली आणि अक्षराच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बस्या, उठ," शिवलीला म्हणाली.

बसवेश उठला नाही. त्याचा हात काठावरून सुटून आत लोंबकळला होता.

दोघींनी त्याचा एकेक पाय धरला आणि फरफटत ओढला. अक्षराच्या तोंडून किंचाळीसुद्धा निघाली नाही. भीती एवढी मोठी झाली की आवाजालाही जागा उरत नाही. लिंबाच्या सावलीत आणल्यावर बसवेशनं डोळे उघडले, ओकला, आणि डोकं फुटतंय म्हणाला. मग पुटपुटला, "बिनअंग्या."

शिवलीलानं ओढणीनं त्याचं तोंड पुसलं.

"खेळातला नाही हा," अक्षरा थोड्या वेळानं म्हणाली. "पण कोडं तेच आहे. हा खातो काय? कुणी खायला घातल्याशिवाय एवढा वाढला कसा?"

पांढरं. आंबट. आणि आजी म्हणाली ती दुधाची विहीर. तिघांच्याही नजरा एकाच वेळी बांधापलीकडं गेल्या. तिथं महांतप्पांची खव्याची भट्टी धूर सोडत होती. दोन महिन्यांपासून तिथं पनीरही होऊ लागलं होतं. पण भट्टी आणि विहिरीच्या मध्ये उसाच्या पाचटाचे ढीग होते, आणि बसवेशला उभं राहवत नव्हतं. ते घरी परतले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी शरणप्पांना सगळं सांगितलं. मोठी माणसं लहानांचं कसं ऐकतात ते ठाऊक आहेच. कान ताटाकडं आणि उत्तर आधीच तयार. शरणप्पांनी मेलेले पारवे उन्हाच्या खात्यात टाकले, बसवेशची भोवळ उपाशी पोटाच्या खात्यात, आणि उरलेलं सगळं मोबाइलच्या. दुधाचं नाव निघताच त्यांनी हात वर केला. महांतप्पा सज्जन माणूस आहे, पोरांनी उगाच कुणावर चिखल उडवू नये म्हणाले. वर हेही सांगितलं की आपल्या त्या विहिरीचा गाळ काढायचा ठरलाय. सकाळी बलभीम उतरणार आहे.

अक्षरानं शिवलीलाला कोपर मारलं.

"अप्पा, काकाला नका उतरवू," शिवलीला म्हणाली.

"तो चाळीस विहिरी उतरलाय. तू जेव."

सकाळी दहाला विहिरीवर बलभीमकाका धरून चार गडी जमले. रहाट बसवला, दोर ओला केला. महांतप्पाही आले होते, पण लांब बाभळीखाली उभे राहून सारखी मान पुसत होते. वास येतो एवढं त्यांना माहीत होतं. वासानं माणूस मरतो हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नव्हती. त्यांचा गुन्हा हाच.

बसवेशनं बोंब ठोकली. आत जीव घेणारी हवा आहे, काल मी पडलो, पारवे बघा. शरणप्पांनी त्याचं बखोट धरून त्याला बाजूला केलं. साक्षीला नागम्मा आजीला आणते म्हणत शिवलीला गावाकडं पळत सुटली. इकडं बलभीमकाकानं कमरेला दोर बांधला, काठाशी शेंदूर लावून मांडलेल्या सात दगडांना, विहिरीच्या साती आसरांना, हात जोडले आणि एक पाय आत टाकला.

अक्षराचे पाय पळायचं म्हणत होते. विज्ञान ती सांगू शकत होती. काचेखाली ठेवलेली मेणबत्ती हवा संपली की विझते, पुस्तकात चित्र होतं. पण बसवेशचं विज्ञान आत्ताच बखोट धरून बाजूला काढलं गेलं होतं. तिनं त्या सात दगडांकडं पाहिलं, काकाच्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलली.

"काका, आसरांचा दिवा राहिला."

सगळे थांबले.

"कसला दिवा?" शरणप्पा म्हणाले.

"आधी दिवा उतरतो, मग माणूस," अक्षरा म्हणाली. "आमच्या घरात असंच सांगतात. दिवा तळाला जळत पोचला तर आसरांनी वाट दिली. मधेच विझला तर नाही दिली."

शरणप्पा वैतागले, ऊन चढतंय म्हणाले. पण बलभीमकाकानं पाय वर घेतला होता.

"पुजाऱ्याची लेक म्हणतीय, मालक. दिव्याला किती वेळ लागतोय?"

बादलीत पणती ठेवली, तेल घातलं, वात पेटवली. अक्षरानं सगळ्यांना काठापासून मागं व्हायला लावलं, तेही आसरांच्या नावानं. दोर सुटू लागला. एक परस, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, खाली गेलं, ज्योत ताठ. दुसऱ्या परसाला ती आखडली, वाकली, जणू तिच्यावर कुणी तळहात धरला. आणि विझली.

वाऱ्यानं विझली असेल म्हणून पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी विझली. तिसऱ्यांदा शरणप्पांनी स्वतः दोर धरला. वारा नव्हता, बाभळीचं पान हलत नव्हतं. ज्योत दोन परसांवर गेली आणि मेली. शरणप्पांनी बादली वर ओढून घेतली. त्यांनी कपारीतल्या पारव्यांकडं आता पहिल्यांदा नीट पाहिलं.

बलभीमकाकानं कमरेचा दोर सोडून बाजूला टाकला.

"आत हाय तरी काय?" शरणप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात शिवलीलाच्या हाताला धरून नागम्मा आजी धापा टाकत आली. विहिरीभोवतीची माणसं पाहून तिनं काठी उगारली आणि बोळक्या तोंडानं ओरडली, "हालु बावी! हालु बावी!"

बाभळीखालचे महांतप्पा पांढरेफटक पडले. खव्याच्या बाजारात कानडी व्यापाऱ्यांशी बोलून बोलून तेवढी कानडी त्यांना येत होती.

"दोनच महिने सोडलंय," ते बोलून बसले. "नासलेलं दूध अन् पनीरचं पाणी. पडीक विहीर, म्हणलं कुणाला काय त्रास. म्हातारीला कुणी सांगितलं?"

शरणप्पा सावकाश वळले.

"म्हातारीच्या तोंडात दात न्हाय, महांतप्पा. तिचा ळ निघत न्हाय. तिला हाळु म्हणायचं असतंय, हाळु बावी. उजाड विहीर. माझ्या लहानपणापास्नं ती हेच म्हणत आलीय." ते दोन पावलं पुढं झाले. "दूध आत्ता तुम्ही म्हणलात."

शिवलीलानं तोंडावर हात ठेवला. म्हणजे तिनं चुकीचं ऐकलं होतं, आणि चुकीच्या ऐकण्यानंच खरं सापडलं होतं. बसवेशनं पाचट उपसलं. खाली काळा पाइप निघाला. त्याचं एक तोंड भट्टीत होतं आणि दुसरं विहिरीच्या भिंतीत. तोंडाशी पांढरं ठिबकत होतं.

दुपारपर्यंत सरपंच आले, पाठोपाठ तालुक्याहून साहेब आले. साहेबांनी लांबूनच विहिरीभोवती दोरी बांधायला लावली. असल्या विहिरीत माणूस उतरला की दुसऱ्या श्वासाला पडतो, म्हणाले, आणि त्याला काढायला उतरणारा तिसऱ्याला. भट्टीला टाळं लागलं. दिवा कुणी सुचवला म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा शरणप्पांनी अक्षराला पुढं केलं.

"ह्या लेकरांनी काल सांगितलं होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "म्या ऐकलं न्हाय. चूक माझी हाय." बापाच्या तोंडून असलं वाक्य बसवेशनं जन्मात ऐकलं नव्हतं. तो इतका चक्रावला की फुशारकी मारायचीही विसरला.

सरपंचांनी पाठ थोपटली, बायकांनी अलाबला घेतली. या सगळ्यात अक्षराला मात्र आता कुठं रडू फुटलं होतं. ती बाभळीखाली जाऊन बसली.

बलभीमकाका तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. बराच वेळ तो आपल्या पायांकडं बघत होता, जणू आहेत ना जागेवर हे मोजत होता.

"अक्षराबाई, एक इचारू? ते आसरांच्या दिव्याचं. खरंच असतंय का तसं तुमच्यात?"

अक्षरानं नाक पुसलं. खोटं पुढं रेटायचं तिच्या जिवावर आलं.

"नाही, काका. मी बनवलं. विज्ञान सांगून कुणी ऐकलं नसतं."

काकानं मान हलवली. रागावला की काय ते तिला कळेना. मग तो उठला, गुडघे झाडले, आणि गाळ काढायला आलेल्या बाकीच्या तिघा गड्यांना हाक मारून जवळ बोलावलं.

"ऐका रे," तो त्यांना म्हणाला, "आजपास्नं रीत हाय. आधी दिवा उतरंल, मग माणूस."