वाऱ्याने पडलेलं अंडं

कठड्याच्या पलीकडे, कड्याच्या अगदी टोकावर एक माणूस पालथा पडलेला दिसला, तेव्हा ती तेवीस पर्यटकांना नदीने दगड कसा कापला ते सांगत होती. वाक्य तिने अर्ध्यावर टाकलं, कठडा ओलांडला आणि त्या माणसाचा कमरेचा पट्टा धरून त्याला खसकन मागे ओढलं.

"जीव द्यायचाय तर दुसरा कडा बघा! इथली जबाबदारी माझ्यावर आहे!"

त्याने मान वळवली. दाढीला माती, कपाळाला आठ्या. घाबरलेला तर नव्हताच, उलट तोच चिडलेला.

"हळू बोला," तो कुजबुजला. "ती बसलीय."

"कोण?"

"खालच्या कपारीत, अंड्यावर. तुमच्या आवाजाने उठली तर अंडं उन्हात उघडं पडेल."

"माझा आवाज असाच आहे."

"ते कळलं... समोरच्या कड्यालाही कळलं."

खरंच, समोरून तिचंच 'आहे... आहे...' परत येत होतं. पर्यटक हसले. ती लाजून लाल झाली, आणि पट्टा अजून आपल्याच मुठीत आहे हे लक्षात आल्यावर आणखी लाल.

घळईवर सगळे तिला 'तोफ' म्हणत. आवाज बाबांकडून आला होता आणि गाईडचा परवानाही. तीस वर्षं बाबांनी लोकांना नदीपर्यंतच्या चारशे पायऱ्या उतरवल्या आणि चढवल्या. शेवटी गुडघ्यांनी हात टेकले. आता ते कड्याजवळच्या दोन खोल्यांत खुर्ची टाकून बसत आणि पायऱ्या चढणाऱ्यांचे चेहरे बघून 'हा अर्ध्यावर बसला असणार' असा अंदाज बांधत. खोल्या परवान्यावर मिळालेल्या. परवाना गेला की खोल्या गेल्या, असा साधा हिशेब होता.

तो माणूस गिधाडांची मोजणी करायला आला होता. कँटीनवाल्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'गिधाडवाला' ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. सकाळी नदीवरून धुकं वर येऊन कठड्याला लागायचं, तेव्हा तो आपली तीन पायांच्या तिकाटण्यावरची दुर्बीण घेऊन कठड्यालगतच्या गच्चीवर उभा असायचा. ती पर्यटक येण्याआधी अर्धा तास यायची. पूर्वी यायची नाही. आता यायला लागली.

"गिधाडांत बघायचं काय एवढं?" तिने एकदा विचारलं. "टकलं डोकं, वाकडी मान, मढ्यावर नजर."

"जोडीने राहतात. अंड्यावर दोघंही आळीपाळीने बसतात. वर्षाला अंडं एकच, आणि कपारही शक्यतो तीच."

"मग तुमच्यापेक्षा बरी. तुम्हाला कुठे घर आहे?"

"तंबू आहे."

"तंबूत कोण येणार राहायला?"

"मोजणी चालू आहे," तो दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला. पण कान लाल झालेले तिला दिसले.

तिनेही त्याला आपली घळई दाखवली. पायऱ्यांच्या वळणावर दगडाचे थर बोटाने मोजून दाखवले: तांबडा, राखाडी, मग पिवळट. राखाडी थरात एक शिंपला रुतलेला होता, नखाएवढा. त्याचा हात धरून तिने बोट त्यावर टेकवलं.

"इथे कधीकाळी समुद्र होता. गेला निघून. हा राहिला."

"बिचारा."

"बिचारा कशाला? दगड झाला म्हणून तर टिकला."

हात सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. वरून कोणीतरी "ओ तोफताई, पाणी कुठे मिळेल?" असं ओरडलं, तेव्हा सुटला.

दुर्बिणीचा एकच नियम त्याने तिला शिकवला होता. पाहून झालं की तिकाटण्याची खिटी सैल करायची आणि तोंड नदीकडे वळवायचं. कपारीवर रोखून ठेवायची नाही. गच्चीवर शंभर माणसं येतात. कपार कुठे आहे ते त्यांना कळता कामा नये. जो शेवटी बघेल, त्याने वळवायची.

अंड्याला चाळीस दिवस झाले होते. पिल्लू बाहेर यायला आणखी दहा-बारा दिवस. त्या सकाळी ती बघत होती. मादीने अंडं चोचीने हलकेच फिरवलं आणि पुन्हा अंगाखाली घेतलं.

"इथली पिल्लं उडाली की माझं काम संपेल," तो मागून म्हणाला. "मला जावं लागेल. पण..."

"पण काय?"

"तुझ्या बाबांना भेटायला कधी येऊ?"

ती वळली. त्याने दाढी केली होती. आज, मुद्दाम! एवढी मोठी तोफ, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"आधी... आधी चहा घेऊ," ती कशीबशी म्हणाली, आणि दोघं कँटीनच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. अर्धा तास. बाबांना काय आवडतं, कोणत्या वेळी त्यांचे गुडघे कमी दुखतात, अशा गोष्टी बोलण्यात अर्धा तास कसा गेला, ते कळलंच नाही.

दुर्बीण मात्र कपारीवर रोखलेलीच राहिली.

टाळ्या ऐकू आल्या तेव्हा ती धावत सुटली. चार-पाच जण जुन्या पायवाटेने कपारीच्या वर उतरले होते आणि गिधाड उडताना फोटो मिळावा म्हणून टाळ्या पिटत होते. मादी उडाली. अंडं उन्हात उघडं पडलं, पांढरं, एकटं. तिने घसा फाडून त्यांना वर बोलावलं, पण तोवर दोन डोमकावळे कपारीत उतरले होते.

टाळ्या वाजवणारे तासाभरात बस धरून निघून गेले. परवाने देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी दुपारीच कारण लेखी मागितलं. गच्चीवर काय घडतं याला गाईड जबाबदार, हा तर परवान्यावर छापलेलाच नियम. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

तो कचेरीतून बाहेर आला आणि आपल्या अहवालाची प्रत तिच्या हातात दिली. एकच ओळ होती: 'जोराच्या वाऱ्याने अंडं कपारीतून पडलं.'

"वारा कुठे होता आज?" तिने विचारलं.

"नव्हता," तो म्हणाला.

ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्याने थोपटलंही. पण त्या दिवसानंतर तो बाबांना भेटायला आला नाही. गच्चीवर यायचा, 'काय, बरी आहेस ना?' म्हणायचा आणि तिच्या कपाळाच्या जरा वर कुठेतरी बघायचा. आपल्या वहीत त्याने आजवर एक आकडाही खोटा लिहिला नव्हता. आता ती समोर आली की त्याला ती एकच ओळ दिसत असावी. त्या ओळीनेच तिला वाचवलं होतं ना? मग वाचलेल्याने तक्रार कशाची करायची!

दोन महिन्यांनी आदेश आला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. कपारीच्या बरोबर वर काचेच्या तळाची गॅलरी बांधायची होती. अहवालाप्रमाणे अंडं वाऱ्याने गेलं, माणसांचा पक्ष्यांना काही त्रास नाही, तेव्हा हरकत कसली? "आणि गॅलरीमुळे वारा अडेल," साहेब हसत म्हणाले. "गिधाडांचंही भलंच की!"

मावशी तेवढ्या म्हणाल्या, "भलं करणाऱ्यांपासून देव वाचवो."

तो तिला कठड्यापाशी गाठून उभा राहिला. कितीतरी दिवसांनी सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

"मला खरं लिहायचंय. गॅलरी झाली तर या कड्यावर एकही जोडी राहणार नाही. नऊ जोड्या आहेत."

"लिही मग."

"तुझा परवाना जाईल. म्हणून तुला विचारायला आलो."

"खोटं लिहिताना नव्हतं विचारलंस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. समोरच्या कड्याला पहिल्यांदाच काही ऐकू गेलं नाही. "खरं लिहिताना परवानगी मागतोस?"

"तुझं काही बिघडू देणार नाही मी. आपण... लग्न करू. बाबांनाही घेऊन जाऊ. तुला परवान्याची गरजच पडणार नाही."

हेच ऐकण्यासाठी तिने दोन महिने काढले होते. आणि आलं ते असं! पायावर गाडी घालणाऱ्याने दवाखान्याची चिठ्ठी पुढे करावी तसं.

"हे मागणं आहे की भरपाई?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि थांबला. विचार करू लागला. प्रामाणिक माणूस होता. खोटं पटकन बोलता यायचं नाही. तो क्षणभर थांबला नसता, तर ती कदाचित गेलीही असती त्याच्याबरोबर.

"राहू दे," ती म्हणाली. "अंड्याचं मी सांगते. ओळीचं तू सांग."

ती कचेरीच्या पायऱ्या चढून साहेबांसमोर उभी राहिली आणि दुर्बीण, चहा, अर्धा तास, टाळ्या, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं, चार वर्षांनी कायम झाली असतीस," ते हळहळून म्हणाले. त्यानेही आपली ओळ खोटी असल्याचं लिहून दिलं. गॅलरी रद्द झाली. मोजणीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. खोल्या रिकाम्या करायला तिला पंधरा दिवस मिळाले.

निघायच्या दिवशी तो आला. बाबांना आधार देऊन बसमध्ये चढवलं, ट्रंक टपावर टाकली. पावती मागत असल्यासारखा हात पुढे करून उभा राहिला. तिने हात हातात घेतला, आणि या वेळी सोडायचं तिच्या लक्षात राहिलं.

बस निघाली. घळई पाच मिनिटांत दिसेनाशी झाली. लांबून ती जमीन सपाटच दिसते.

"पोरगा वाईट नव्हता गं," बाबा म्हणाले.

"नव्हताच, बाबा," ती म्हणाली. "वाईट असता तर सोपं गेलं असतं."

बाबांचे गुडघे समोरच्या बाकावर आपटत होते. तिने शाल घडी करून मध्ये घातली आणि खिडकी लावून घेतली.